खाटांची जागा

इस्पितळात हौसेने जाणारा माणूस निदान माझ्या पाहण्यात नाही. आजाऱ्याला भेटायला जायचे तरी आपण हातात मोसंबी घेतो आणि निघायची वेळ मनाशी ठरवूनच आत शिरतो. पण गेल्या डिसेंबरात आम्ही वाईची मंडळी पणजीला गेलो, तेव्हा मांडवीकाठच्या जुन्या मेडिकल कॉलेजच्या इमारतीत मी सबंध दुपार रमलो. तेथे कला-महोत्सव भरला होता.

पणजीची वैद्यकशाळा पोर्तुगीजांनी 1842 साली काढली. गोवेकर तिला आशियातली पहिली म्हणतात. कलकत्ता नि मद्रासची महाविद्यालये 1835 मधली, पण मुंबईच्या 1845 मधल्या ग्रँट मेडिकलहून ती तीन वर्षांनी थोरली, हे खरेच. इथे शिकलेले डॉक्टर पोर्तुगालच्या आफ्रिकेतल्या वसाहतींतही गेले. 1961 मध्ये गोवा मुक्त झाला, 1963 मध्ये शाळेचे गोवा मेडिकल कॉलेज झाले आणि पुढे ते बांबोळीला हलले. 2004 मध्ये चित्रपट महोत्सव गोव्यात आला आणि या वास्तूचे नशीब पालटले.

जिथे औषधांचा वास असायचा, तिथे आता रंगाचा वास होता. एका चित्रापुढे तरुणांची गर्दी होती. पलीकडे एक आजीबाई मात्र कोऱ्या भिंतीकडे बोट दाखवून नातीला सांगत होत्या, "तुजो आजो हांगाच आशिल्लो. आपल्या पांयांनी घरा आयलो."

मी तिथेच थबकलो. आमची आई ज्या दवाखान्यातून घरी आली नाही, तो पाडून तिथे दुकाने झाली आहेत. तिची खाट होती त्या जागी आज कापडाचे तागे उलगडतात. दुकानदाराचा काय दोष? पण बोट दाखवायला मला भिंत उरलेली नाही.

आमच्या वाईत आपण घाट जपतो, देवळे जपतो, आणि ते योग्यच आहे. पण माणसाने देवाला सर्वांत कळवळून हाक मारली असेल, ती देवळात की इस्पितळाच्या व्हरांड्यात? ती जागाही जपण्याजोगी नाही काय? प्रदर्शने भरोत, गाणी होवोत. फक्त एखाद्या कोपऱ्यात, मंत्र्याचे नाव न घालता, साधी पाटी असावी : येथे खाटा होत्या.