छातीचे माप

सोलापूरहून बीडकडे जाणाऱ्या महामार्गावर येरमाळा ओलांडले की तेरखेडा लागते. फटाक्यांच्या कारखान्यांनी ज्याचे नाव महाराष्ट्रभर नेले, त्या आमच्या गावात पुरुषाचे शरीर ही खाजगी बाब नव्हे. विहिरीत सूर मारताना, तालमीत लंगोट कसताना, जेवणानंतर ओट्यावर लवंडताना बाप्यामाणसाने कमरेच्या वर उघडे असावे हा तेथील रिवाज, आणि त्या रिवाजाचा विचार करण्याची पाळी ज्याच्यावर कधी आली नाही तो भाग्यवान, असे मला वयाच्या चौदाव्या वर्षापासून वाटत आले आहे.

त्या वर्षी माझ्या दोन्ही स्तनाग्रांखाली सुपारीएवढी कठीण गाठ धरली. सदऱ्याचे कापड घासले तरी कळ उठे आणि पालथे झोपणे अशक्य होई. पुढे वेदना ओसरली, पण उभार वाढत गेला. वर्गातली मुले येताजाता छातीला हात घालीत. ती थट्टा नव्हती, तो अत्याचार होता, हे आज मी निःशंकपणे लिहू शकतो; त्या काळी मात्र तक्रार करायची तर प्रथम आपल्या शरीराची कैफियत मांडावी लागेल, या भयाने मी मुकाट राहिलो. खांदे पुढे ओढून चालण्याची सवय तेव्हा जडली. पाठीचे दुखणे तिच्यामागून आले.

सुटीत फटाक्यांच्या कामावर जाऊ लागलो तेव्हा निराळीच अडचण उभी राहिली. नायलॉनचे घट्ट बनियन उभार दाबून धरी. परंतु कृत्रिम धाग्याच्या घर्षणाने वीज साठते व दारूजवळ एक ठिणगीही घातक ठरते, म्हणून तेथे सुती वस्त्रच हवे. आईने काही न विचारता जुन्या लुगड्याची पट्टी फाडून दिली. “सुती हाय लेकरा, टोचायची न्हाई,” एवढेच ती म्हणाली. तिला सारे ठाऊक होते, हे मला त्या वाक्याने कळले. पत्र्याखालच्या उष्म्यात त्या पट्टीखाली घामोळे उठे, कातडी सोलवटे. तरीही ती मी सोडीत नसे.

पुढे पोलीसभरतीचे वेध लागले. उंची 165 सेंटिमीटर, छाती न फुगवता 79 सेंटिमीटर व फुगवून किमान 5 सेंटिमीटर अधिक, या अटींत मी बसत होतो आणि धावण्यातही कमी नव्हतो. पण माप घेताना शेकडो उमेदवारांसमोर सदरा उतरवावा लागेल, या एका विचाराने भरलेला अर्ज मी कचेरीत दाखल केला नाही. नोकरीची संधी गेल्याचे दुःख कालांतराने शमले. आपल्या पुरुषत्वातच काही उणे आहे ही शंका मात्र विवाहाची बोलणी सुरू झाल्यावर अधिकच तीव्र झाली.

अखेर सोलापूरच्या एका शल्यचिकित्सकांनी माझी तपासणी केली. मद्य, यकृत, थायरॉइड, चालू असलेली औषधे यांची त्यांनी तपशीलवार चौकशी केली, अंडकोषही तपासले. कारण क्वचित तेथील अर्बुदामुळे किंवा जन्मजात गुणसूत्रदोषानेही असे घडते. माझ्या बाबतीत यांपैकी काहीच निघाले नाही. पौगंडावस्थेत निम्म्याहून अधिक मुलांत स्त्रीसंप्रेरक व पुरुषसंप्रेरक यांचे प्रमाण काही काळ बिघडते, ग्रंथी वाढते, आणि बहुतेकांची ती एकदोन वर्षांत आपोआप विरते. ज्यांची राहते त्यांच्यात तंतुमय होऊन घट्ट बसते व मग औषधाला दाद देत नाही, असे त्यांनी सांगितले. एजिना बेटावरील पॉल या ग्रीक वैद्याने सातव्या शतकात या विकाराचे आणि त्यावरील शस्त्रक्रियेचे वर्णन करून ठेवले आहे, हे पुढे वाचनात आले तेव्हा मला संतोषापेक्षा संतापच अधिक झाला. तेराशे वर्षांचे हे ज्ञान आमच्या शाळेपर्यंत का पोहोचू नये?

स्तनाग्राभोवतीच्या काळसर वर्तुळाच्या कडेने अर्धगोल छेद घेऊन त्यांनी ग्रंथी काढली. व्रण आता फारसे दिसत नाहीत. डाव्या बाजूची संवेदना काहीशी बधिर राहिली आहे, आणि खांदे अद्याप पुढेच झुकतात, कारण शरीराला लागलेले वळण शस्त्राने निघत नाही.

गेल्या उन्हाळ्यात माझा पुतण्या विहिरीवर यायला टाळाटाळ करू लागला, तेव्हा त्याला बाजूला घेऊन मी सरळ विचारले. तो प्रथम रडला, मग म्हणाला, “काका, तुम्हालाबी व्हतं?” मी माझे व्रण त्याला दाखविले, बहुधा हे आपसूक जाईल असे सांगितले, आणि तरीही डॉक्टरांकडून एकदा तपासून घेऊ म्हणून त्याच्या वडिलांना बजावले. शिवाय व्यायामशाळेत कोणी अंग भरण्यासाठी सुई टोचायला सांगितली तर मुळीच ऐकायचे नाही, अशी सक्त ताकीदही दिली. त्या सुईतल्या संप्रेरकांनी धडधाकट तरुणांनाही हाच विकार जडतो. विहिरीवर यायची बळजबरी मात्र मी त्याच्यावर केली नाही.