मनगटावर न चढलेलें घड्याळ

प्रत्येक वस्तूचे उपयोग दोन, असें ॲरिस्टॉटलनें आपल्या राज्यशास्त्रावरील ग्रंथाच्या पहिल्याच भागांत म्हटलें आहे, आणि त्यास उदाहरण दिलें आहे तें पायांतल्या जोड्याचें. जोडा पायांत घालावा, हा एक उपयोग. तो देऊन दुसरें कांहीं घ्यावें, हा दुसरा. दोन्ही उपयोग जोड्याचेच खरे. परंतु जोडा जन्मास आला तो विनिमयासाठीं नव्हे, म्हणून दुसरा उपयोग त्याचा स्वाभाविक उपयोग म्हणतां येत नाहीं, असा त्या तत्त्ववेत्त्याचा अभिप्राय. चांभाराच्या दुकानापुढें हें वाक्य अगदीं सरळ वाटतें. जिनीव्हा शहरांतील घड्याळांच्या दुकानापुढें मात्र तें आठवलें म्हणजे मनुष्य थबकतो. कारण तेथें असा एक गिऱ्हाईकवर्ग निर्माण झाला आहे कीं, तो घड्याळ घेतो तें वेळ पाहण्यासाठीं नाहीं आणि मिरवण्यासाठींहि नाहीं. वरची पातळ चिकटपट्टीसुद्धां न काढतां तें दुसऱ्याच्या हवालीं करून मधला नफा खिशांत टाकावा, एवढ्याचसाठीं तो दुकानाची पायरी चढतो.

"घेतलेली वस्तु आपली, ती ठेवावी, मोडावी, दान करावी कीं विकावी, हें ठरविणारे आपण," हा युक्तिवाद अशा वेळीं प्रथम पुढें येतो. कायद्याच्या दृष्टीनें तो बिनतोड आहे, व त्यावर अधिक शाई खर्च करण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. कायदा जेथें थांबतो, तेथून पुढें या प्रश्नास आरंभ होतो.

ज्यांस या व्यापाराचा परिचय नाहीं, त्यांच्यासाठीं थोडा खुलासा केला पाहिजे. एरवीं नवी वस्तु दुकानाबाहेर पडली कीं तिची किंमत उतरते. मोटारीची उतरते, कपाटाची उतरते, बहुतेक घड्याळांचीहि उतरते. परंतु कांहीं मोजक्या स्विस घड्याळांची गोष्ट नेमकी उलट आहे. रोलेक्स कंपनीचें 'डेटोना' नांवाचें पोलादी घड्याळ घ्या. २०२२ सालच्या आरंभीं त्याची अमेरिकेंतील छापील किंमत सुमारें १४,५०० डॉलर होती, आणि बाहेर त्यास ४०,००० डॉलरांहून अधिक देणारे लोक मिळत होते. पाटेक फिलीप या पेढीनें एप्रिल २०२१ मध्यें आपल्या 'नॉटिलस' घड्याळाची हिरव्या तबकडीची आवृत्ति काढली, तिची मूळ किंमत सुमारें ३०,००० युरो. चार महिनेहि झाले नाहींत, तोंच जुलैमध्यें मोनॅको येथील लिलांवांत त्यांतलें एक मोहोरबंद घड्याळ ४,१६,००० युरोंस गेलें. पाकीटहि न फोडलेल्या वस्तूची ही कथा.

मग कारखानदार स्वतःच किंमत कां वाढवीत नाहींत? वाढवितात, परंतु बाजार जेथपर्यंत जाईल तेथपर्यंत नेत नाहींत. रोलेक्सची मालकी हान्स विल्सडोर्फ या तिच्या संस्थापकाच्या नांवानें स्थापन झालेल्या धर्मादाय निधीकडे आहे. तेव्हां दर तीन महिन्यांनीं भागधारकांचें समाधान करण्याची निकड तिला नाहीं. शिवाय आज बाजार वर आहे म्हणून किंमत तिप्पट केली, तर उद्यां बाजार पडल्यावर ती कोणत्या तोंडानें उतरवावी, ही अडचण आहेच. कारण कोणतेंहि असो, छापील किंमत आणि बाहेरची किंमत यांत अंतर पडतें, आणि हें अंतर गिऱ्हाइकानें कमावलेलें नसतें. तें त्याला दिलें जातें. आमच्या मतें या विषयांत लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट हीच आहे.

आतां दुकानदाराची अवस्था पाहा. घड्याळ एक आणि मागणारे पन्नास. किंमत चढविण्याची त्याला मुभा नाहीं. तेव्हां तो माणसें पारखूं लागतो. नांव लिहून घेतो, व्यवसाय विचारतो, घड्याळ कशाप्रीत्यर्थ हवें तें विचारतो. लग्न? साठी? मुलाची पदवी? कांहीं दुकानदार चिकटपट्ट्या स्वतःच्या हातानें सोलून घड्याळ तेथेंच गिऱ्हाइकाच्या मनगटावर बांधतात, कारण पट्टी निघाली कीं 'कोरें' म्हणून येणारा भाव उतरतो. कांहीं हमीपत्र कांहीं काळ आपल्यापाशींच ठेवतात. जाहिरातींत दिसलेल्या क्रमांकावरून विकणाऱ्याचा माग काढून त्याचें नांव यादींतून कायमचें खोडणारेहि आहेत. आपल्याकडे मुलीस स्थळ पाहतांना जी चौकशी होते, तिची आठवण व्हावी असा हा सारा थाट! ज्या बाजारांत ही विकलेलीं घड्याळें जातात, त्यास तिकडे 'करडा बाजार' म्हणतात. तो काळाहि नव्हे आणि पांढराहि नव्हे. माल अस्सल, विक्री कायदेशीर. फक्त विकणारा कारखान्याचा मुखत्यार नसतो.

जुन्या शास्त्रकारांस हा प्रश्न अगदींच नवा वाटला नसता. कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणांत व्यापाऱ्याचा नफा बांधून दिला आहे: देशी मालावर शेंकडा पांच, परदेशी मालावर शेंकडा दहा. त्या हिशेबानें डेटोनाच्या विक्रेत्यास दीड हजार डॉलरांच्या आंतच समाधान मानावें लागलें असतें. परंतु कौटिल्याची दृष्टि राज्यकर्त्याची. त्याला प्रजेची पिळवणूक थांबवावयाची होती, व्यापाऱ्याच्या अंतःकरणाशीं त्यास कर्तव्य नव्हतें. तेराव्या शतकांतील ख्रिस्ती पंडित टॉमस अक्वायनस हा मात्र अंतःकरणांत शिरतो. जो नफ्यानें विकावयाचें म्हणूनच घेतो तो व्यापारी. जो ठेवण्यासाठीं घेतो आणि पुढें कांहीं कारणानें अधिक किंमतीस विकतो, तो व्यापारी नव्हे, असें तो सांगतो. घेतेवेळचा हेतु पाहा, हें त्याचें म्हणणें. हें आम्हांस बरेंच पटतें. तथापि पुरेसें वाटत नाहीं, आणि तें कां वाटत नाहीं हें एका घरगुती प्रसंगावरून सांगणें सोपें जाईल.

आमचा एक भाचा जिनीव्हांत नोकरीस आहे. २०२१ सालीं त्यास कन्यारत्न झालें, तेव्हां मुलगी मोठी झाल्यावर तिला द्यावें म्हणून एक नामांकित पोलादी घड्याळ घेऊन ठेवण्याचें त्याच्या मनांत आलें. त्यानें दुकानांत नांव नोंदविलें आणि कारणहि सांगितलें. दुकानदार स्वतः तीन मुलींचा बाप. ज्या घड्याळासाठीं इतर लोक वर्षानुवर्षें थांबतात, तें भाच्यास चार महिन्यांत मिळालें. घरीं आणल्याच्या दुसऱ्या दिवशीं कचेरींतील एका सहकाऱ्यानें दुप्पट किंमत देऊं केली. त्या रात्रीं भाच्याचा आम्हांस फोन आला.

"मामा, पैसे माझे, घड्याळ माझें, आणि घेणारा खुषीनें देतो आहे. यांत कोणाचें काय बुडतें?"

"दुकानदाराला तूं काय सांगितलें होतेंस?" आम्ही विचारलें.

"मुलीसाठीं म्हणून सांगितलें. तेव्हां तें खरेंच होतें."

"आणि आतां?"

"आतां दुप्पट किंमत मिळते आहे."

अक्वायनसच्या न्यायासनापुढें हा मुलगा निर्दोष सुटेल. घेतेवेळीं त्याचा हेतु शुद्ध होता, आणि जो पहिल्यापासून विकण्याच्या इराद्यानें मुलीचें नांव पुढें करतो, त्या लबाडाच्या पंक्तीस त्याला बसविणें अन्यायाचें होईल. परंतु त्याच्या उत्तरांत एक गोम आहे. "आतां दुप्पट किंमत मिळते," असें तो म्हणाला. ती ज्या दिवशीं त्यानें नांव नोंदविलें त्या दिवशींहि मिळतच होती. दुकानदारास तें ठाऊक होतें, भाच्यासहि ठाऊक होतें. "मुलीसाठीं हवें" या वाक्याचा अर्थच मुळीं असा होता कीं, बाहेर दुप्पट मिळत असूनहि मी विकणार नाहीं. त्या वाक्यावर विसंबून दुकानदारानें दुसऱ्या कोणास मागें ठेवलें. पुढें भाच्याची नोकरी जाती, घरांत दुखणें येतें, आणि घड्याळ विकावें लागतें, तर आम्ही चकार शब्द काढला नसता. त्या दुकानदारानेंहि काढला नसता. परंतु येथें जगांत कांहींच बदललें नव्हतें. बदललें होतें तें एवढेंच कीं, पूर्वीं ऐकलेली किंमत आतां एका माणसानें समोर उभें राहून सांगितली.

आमचें म्हणणें त्याला आवडलें नाहीं. त्यानें उलट विचारलें कीं, दुकानदार कोठले असे धर्मराज लागून गेले? यांत तथ्य आहे, व तें लपविण्याचें आम्हांस प्रयोजन नाहीं. कित्येक दुकानांत हवें तें घड्याळ मिळावें म्हणून आधीं नको असलेली अंगठी, नको असलेलें कंकण, न खपणारें दुसरें घड्याळ घ्यावें लागतें. 'तुमचा खरेदीचा इतिहास' असें गोंडस नांव त्याला आहे. अशा ठिकाणीं आमचें मत अगदीं निराळें पडतें. जेथें पडून राहिलेला माल गळ्यांत मारून मगच घड्याळ दिलें, तेथें कोणी कोणावर मेहेरबानी केलेली नाहीं. किंमतींतलें अंतर अंगठीच्या रूपानें दुकानदारानें आधींच वसूल केलें आहे. त्या गिऱ्हाइकानें घड्याळ त्याच संध्याकाळीं विकलें, तर विश्वासघाताची ओरड करण्याचा त्या दुकानदारास काय अधिकार?

खुद्द कारखान्यांनाहि फेरविक्रीचा नफा अस्पृश्य वाटतो असें नाहीं. डिसेंबर २०२२ मध्यें रोलेक्सनें आपल्या अधिकृत दुकानांतून वापरलेलीं घड्याळें प्रमाणपत्रासह विकण्याची योजना सुरू केली. ब्युखरर या स्विस पेढीपासून तिचा आरंभ झाला, आणि पुढच्याच वर्षीं, ऑगस्ट २०२३ मध्यें, ती पेढी विकत घेत असल्याचें रोलेक्सनें जाहीर केलें. आरंभीं घड्याळ तीन वर्षांचें तरी असावें, अशी अट होती. या जुन्या घड्याळांची किंमत मात्र दुकानदार बाजार पाहून लावतो. मागणी असलेल्या घड्याळाची ती नव्याच्या छापील किंमतीहूनहि वर जाते. म्हणजे एकाच दुकानांत एका कपाटांतील नवें घड्याळ स्वस्त, परंतु मिळत नाहीं. शेजारच्या कपाटांतील जुनें महाग, आणि लगेच मिळतें! आम्ही यास दोष देत नाहीं. उलट, ज्यांस थांबावयाचें नाहीं त्यांच्यासाठीं उघड्या किंमतीचा हा मार्ग अधिक प्रामाणिकच आहे; तेथें मुलीचें नांव घेण्याचें कारण पडत नाहीं.

याच दृष्टीनें रांगेंतल्या विक्रेत्याविषयींहि आमचें मत फारसें कठोर नाहीं. २६ मार्च २०२२ रोजीं स्वॉच आणि ओमेगा यांनीं मिळून काढलेलें २६० डॉलरांचें घड्याळ विक्रीस आलें, तेव्हां शहरोशहरीं लोक रात्रभर फुटपाथवर बसले, आणि त्यांतल्या अनेकांनीं घरीं पोंचण्यापूर्वींच तें कित्येक पटींनीं विकावयास काढलें. हा देखावा कांहीं मोठा शोभेचा नव्हता. पण त्या तरुणांनीं कोणास शब्द दिला नव्हता. उभे राहा आणि न्या, एवढाच तेथें नियम, आणि ते उभे राहिले होते.

आमच्या वाचकांपैकीं जे वयस्क आहेत, त्यांस हें सारें परकें वाटूं नये. १९७० नंतरच्या काळांत पुण्याजवळ आकुर्डीस बनणाऱ्या बजाज स्कूटरसाठीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें थांबावें लागे. किती स्कूटरी बनवाव्या हें सरकारी परवान्यावर, आणि मागणी मात्र घरोघरीं. नंबर लागला कीं हातीं आलेली स्कूटर वर पैसे घेऊन देतां येई. त्या वरच्या पैशास 'ऑन' असा सुटसुटीत शब्द होता. लांच खाणारा जांवई ज्या घरास चालला नसता, त्याच घरांत स्कूटरचा नंबर 'ऑन' घेऊन विकणाऱ्या काकांच्या चातुर्याचें कौतुक होई. स्कूटरच्या रांगेंत मागें राहिलेला मनुष्य बहुधा कचेरीस सायकलीनें जाणारा कारकून असे, आणि त्याची ती खरोखर गरज होती. घड्याळाच्या रांगेंत मागें राहिलेल्याचें काय होतें? फार तर एक श्रीमंत गृहस्थ आणखी कांहीं महिने दुसऱ्या घड्याळांत वेळ पाहतो. म्हणून घड्याळाच्या बाबतींत झालेली हानि हलकी, हें आम्ही मान्य करतों. दिलेला शब्द मात्र ऐकणारा श्रीमंत आहे म्हणून हलका होतो, हें आम्हांस मान्य नाहीं.

जातां जातां एक गमतीची गोष्ट. डेटोना जातीच्या घड्याळांत गाजलेलें एक घड्याळ मोहोरबंद नव्हतें, चांगलें रोज वापरलेलें होतें. पॉल न्यूमन या अमेरिकन नटास तें त्याच्या पत्नीनें दिलें, मोटार जपून चालवण्याविषयीं दोन शब्द मागें कोरून. १९८४ सालीं, आपल्या मुलीच्या एका मित्राजवळ घड्याळ नाहीं असें पाहून, न्यूमननें तें त्याला देऊन टाकलें. त्या तरुणानें तें वर्षानुवर्षें हातांत वापरलें, आणि ऑक्टोबर २०१७ मध्यें न्यूयॉर्कच्या लिलांवांत त्याचे १,७७,५२,५०० डॉलर आले. त्यांतला कांहीं भाग न्यूमनच्या मुलीच्या धर्मादाय संस्थेस गेला. येथेंहि विक्री झाली, नफा तर विचारूंच नका. पण कोणाची भुंवई वर गेल्याचें आम्हीं ऐकलें नाहीं.

भाच्यानें पुढें काय केलें, असें वाचक विचारतील. आमच्याशीं बोलणें झाल्यावर तो घड्याळ घेऊन दुकानांत गेला, आणि "मला हें विकावेंसें वाटूं लागलें आहे, घेतल्या किंमतीस परत घेतां काय?" असें त्यानें सरळ विचारलें. दुकानदार म्हणाला, "आनंदानें, यादींत पुढचें नांव तयार आहे." तें ऐकून भाचा घड्याळ घेऊन घरीं परत आला. २०२२ नंतर भाव पुष्कळ खालीं आले, तरी छापील किंमतीच्या वरच आहेत असें तो सांगतो. म्हणजे भाव तो अजून पाहतो. मुलगी आतां शाळेंत जाते. घड्याळ बँकेच्या तिजोरींत आहे, आणि बायकोनें कितीहि सांगितलें, तरी त्यावरची चिकटपट्टी काढण्यास तो अद्याप तयार झालेला नाहीं.