साक्ष

परवाच्या रविवारी आमच्या चर्चमध्ये बाहेरगावचे एक तरुण उपदेशक आले होते. आवाज असा खणखणीत की माइकची गरजच नव्हती, पण माइक होता. विषय होता 'साक्ष'. उपदेशाच्या शेवटी त्यांनी विचारले, "या वर्षात निदान एका माणसाला तरी येशूबद्दल सांगितलं असे किती जण आहेत? हात वर करा." दहा-बारा हात वर गेले. "पाच जणांना?" चार हात. "दहा जणांना?" एकच हात उरला, आमच्या मंडळीतल्या एका बाईंचा. त्या खरे बोलत होत्या हे मी सांगू शकतो, कारण त्या रिक्षावाल्यालाही सोडत नाहीत.

माझा हात मांडीवरच होता. शेजारी पुण्याहून आलेला नातू बसला होता. घरी येताना तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही हात वर नाही केला?" मी म्हटले, "खांदा दुखतो रे." तो हसला. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, तीन पिढ्यांचा ख्रिस्ती, पस्तीस वर्षे मास्तरकी केलेला, म्हणजे बोलण्याचाच धंदा केलेला! आणि हात मांडीवर. म्हणून आज जरा खुलासा करावा म्हणतो. नातेवाइकांपैकी काहींना यातले थोडेफार ठाऊक आहे, पण सगळे कोणालाच नाही.

आमच्या घरात ख्रिस्ती धर्म आला तो माझ्या पणजोबांबरोबर. १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ पडला, त्यानंतर. आता 'दुष्काळात ख्रिस्ती झाले' म्हटले की ऐकणाऱ्याच्या ओठांवर एक बारीक हसू येते, ते मी लहानपणापासून ओळखतो. भाकरीसाठी बाटले! शाळेत असताना एका मुलाने मला तोंडावर विचारले होते, "तुमच्या आज्याला किती पोती ज्वारी मिळाली रे?" मी घरी येऊन आजीला विचारले. आजी म्हणाली, "ज्वारी मिळाली की नाही ठाऊक नाही. पण माझा सासरा सांगायचा, त्याला पहिल्यांदा कोणी 'या, बसा' म्हटलं ते तिथं." गावकुसाबाहेरच्या माणसाला 'या, बसा' म्हणजे काय, हे ज्याला कळते त्याला कळते. बाकी लाभाचे म्हणाल, तर १९५० सालच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्याच ठेवल्या गेल्या. पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्या मिळाल्या, ख्रिस्ती दलितांना मिळाल्या नाहीत. असा हा आमचा फायद्याचा सौदा. असो.

तर ही आजी बायबलबाई होती. नव्या वाचकांना हा शब्द माहीत नसेल. मिशनने लिहायला-वाचायला शिकवलेल्या बायका खेडोपाडी पायी फिरून बायकांना शास्त्रातल्या गोष्टी सांगत, त्या बायबलबाया. आजी पहाटे निघायची. पिशवीत नवा करार, सुईदोरा आणि लहान मुलांच्या पोटदुखीसाठी ओवा. मोठ्या वाड्यांत तिला ओट्याखाली बसवत आणि पाणी वरून ओंजळीत ओतत. आपल्या लोकांच्या वस्तीत मात्र ती थेट जात्यापाशी बसून खुंट्याला हात लावायची. दळण सरत आले की मग विचारायची, "कशी आहेस गं?" माझ्या आठवणीत तिचा सगळा उपदेश या एका प्रश्नातच होता. ती १९६३ साली गेली, तेव्हा मातीला आलेल्या निम्म्या बायकांच्या कपाळावर कुंकू होते.

मी काही तिच्यासारखा निघालो नाही. १९७१ साली नगरला बी. ए. करत असताना तरुण संघाच्या शिबिरात माझ्या अंगात वारे शिरले. आम्हा प्रत्येकाला पन्नास पत्रके दिली होती आणि संध्याकाळपर्यंत वाटून यायची होती. मी एस. टी. स्टँडवर गेलो. भराभर वाटत सुटलो. एका बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी खिशातून एक पोस्टकार्ड काढून माझ्यापुढे धरले. "बाळ, एवढं वाचून दाखव." मी उभ्या उभ्या वाचले. त्यांची लेक सासरी आजारी होती आणि न्यायला या असे जावयाने कळवले होते. कार्डावरची तारीख आठ दिवसांपूर्वीची. म्हातारा म्हणाला, "पुन्हा वाच." मी घाईघाईने पुन्हा वाचले, कार्ड परत दिले, वर एक पत्रक हातात कोंबले आणि पुढच्या बाकाकडे वळलो. ज्याला वाचता येत नाही हे मला नुकतेच कळले होते, त्याच्या हातात छापील कागद! रात्री शिबिरात मी सांगितले, "पन्नासच्या पन्नास." टाळ्या झाल्या.

त्या टाळ्यांचा आवाज मला अजून ऐकू येतो. लेकीचे पुढे काय झाले, कोणास ठाऊक.

आमच्या नगर जिल्ह्यात साक्षीचा विषय निघाला की रेव्हरंड टिळकांची आगगाडी येतेच येते. १८९३ साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते, डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाशी गप्पा झाल्या, उतरताना त्याने नव्या कराराची प्रत दिली, आणि १८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला. प्रत्येक उपदेशक ही गोष्ट सांगतो, आणि इथेच थांबतो. मी मराठीचा मास्तर, मला 'स्मृतिचित्रे' शिकवायची सवय, त्यामुळे मला नेहमी पुढचे दिसते. त्या डब्यात लक्ष्मीबाई नव्हत्या. नवरा ख्रिस्ती झाला आणि त्या बाईचा संसार मोडला, लहान मूल घेऊन ती कित्येक वर्षे वेगळी राहिली. एवढा मोठा कवी, शब्दांचा राजा, पण बायको काही त्याच्या शब्दांनी आली नाही. सोवळ्याओवळ्याचे कोडे तिने स्वतःच्या डोक्याने सोडवले आणि मग आली. तेव्हा आगगाडीची गोष्ट सांगायची तर लक्ष्मीबाईंसकट सांगावी. साक्षीची किंमत पुष्कळदा साक्ष देणारा भरत नाही, दुसरेच कोणी भरते.

या दोन गोष्टींमुळे असेल, किंवा निव्वळ भित्रेपणामुळे असेल (हे दुसरे कारण मी इतकी वर्षे पहिल्याखाली झाकून ठेवले), नोकरीला लागल्यावर मी गप्प झालो. राहुरी तालुक्यातल्या त्या शाळेत मी एकटाच ख्रिस्ती. नाताळात स्टाफरूममध्ये करंज्या न्यायच्या, केक न्यायचा, "हॅपी ख्रिसमस सर" ऐकून घ्यायचे, संपले.

आमचे गणिताचे सर १९७८ साली शाळेत आले. माळकरी. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून निघते आणि राहुरीवरून नगरकडे जाते. सर दरवर्षी तिच्यात निदान चार मुक्काम चालायचे, आणि परत आले की मधल्या सुट्टीत मला सगळे सांगायचे. कुठे पाऊस लागला, कोणाच्या पायाला फोड आले, कोणत्या अभंगाला डोळ्यांत पाणी आले. पांडुरंगाविषयी ते असे बोलायचे, जसे काही तो त्यांचा थोरला भाऊ आणि गाव जरा लांब म्हणून भेट होत नाही इतकेच. मग चुरमुऱ्यांचा प्रसाद द्यायचे. मी तो घेऊन टेबलाच्या खणात ठेवायचो, खायचो नाही. आमच्यात काही जण खातात, काही खात नाहीत. मी खणात ठेवणाऱ्यांपैकी. त्यांना हे माहीत होते, हे मला फार उशिरा कळले.

१९९८ च्या दिवाळीनंतर नगर-मनमाड रस्त्यावर त्यांचा मुलगा मोटारसायकलवरून गेला. बावीस वर्षांचा. सर महिन्याभराने कामावर आले, फळ्यावर पहिल्यासारखीच सरळ रेघ काढू लागले. पण बोलणे बंद.

फेब्रुवारी १९९९. सगळे तासावर गेलेले, स्टाफरूममध्ये आम्ही दोघेच. वह्या तपासता तपासता त्यांनी पेन खाली ठेवले आणि म्हणाले, "सर, शहाऐंशी साली तुमच्या आई गेल्या तेव्हा मी तुम्हाला पाहिलंय. तुम्ही रडत होतात, पण मोडला नव्हता. मी मोडलोय. तुमच्यात काय आहे? सांगा ना."

सरळ प्रश्न. आयुष्यात इतक्या सरळपणे मला कोणी काही विचारले नव्हते. आणि मी काय म्हणालो? "काळ हेच औषध असतं, सर."

त्यांनी मान हलवली. पेन उचलले. पुढची वही ओढली.

कारण सांगायचे तर सांगतो. जेमतेम महिन्यापूर्वी, २२ जानेवारीच्या रात्री, ओडिशात मनोहरपूर गावात ग्रॅहम स्टेन्स यांना त्यांच्या फिलिप आणि टिमोथी या दोन मुलांसह गाडीत जिवंत जाळले होते. दहा वर्षांचा एक आणि सहा वर्षांचा एक. पेपरात रोज धर्मांतरावर वाद चालले होते. त्या दिवसांत स्टाफरूममधले बोलणे माझ्या येण्याने मध्येच थांबल्याचे दोनदा झाले होते. वाटले, आज दुखावलेल्या माणसाला येशूचे नाव सांगितले तर उद्या म्हणतील, पोरगा गेलेल्या बापाला बाटवायला निघाला. कारण खरेच होते. पण त्या माणसाने विचारले होते, आणि मी त्याला कॅलेंडरवरचा सुविचार दिला. ज्या बाईचा नवरा आणि दोन लेकरे गेली, त्या ग्लॅडिस स्टेन्स जगासमोर क्षमा केली म्हणून सांगत होत्या, आणि मी बंद खोलीत एका मित्राला सांगू शकलो नाही. इंग्रजीत हुतात्म्याला जो शब्द आहे, तो मुळात ग्रीक भाषेतला साक्षीदार. आणि आपल्या 'साक्षी'त 'अक्ष' आहे, डोळा. वर्गात ही व्युत्पत्ती मी अनेकदा सांगितली. म्हणजे साक्षीदाराने फक्त पाहिलेले सांगायचे, वाद घालायचा तो वकिलाने. सर माझ्याकडे वकील मागायला आले नव्हते.

दोघेही निवृत्त झालो. २०१७ साली त्यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणे जड झाले, पण डोके शाबूत. मी महिन्यातून एकदा जाऊन बसायचो. एक दिवस वहिनी चहा टाकायला आत गेल्या, तसा मी म्हणालो, "सर, नव्व्याण्णव साली तुम्ही मला एक विचारलं होतं. मी खोटं उत्तर दिलं." त्यांनी डोळ्यांनीच 'बोला' म्हटले.

मग मी सांगितले. आई गेली त्या रात्री दवाखान्याच्या व्हरांड्यात मी प्रभूची प्रार्थना म्हणायला लागलो आणि जिथे देवाच्या इच्छेचा उल्लेख येतो तिथे अडकलो. पुढचा शब्द तोंडातून निघेना. कितीदा सुरुवात केली, तिथेच अडकायचो. शेवटी रागाने म्हटले, तुझी इच्छा मला मान्य नाही, पण तू इथून जाऊ नकोस. आणि तो गेला नाही. प्रकाश पडला नाही, आवाज आला नाही. बाकावर माझ्याशेजारी कोणीतरी उजाडेपर्यंत बसून होते, एवढेच. ज्याचा स्वतःचा मुलगा वधस्तंभावर गेला तोच असावा, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते. "एवढंच आहे माझ्यात," मी म्हणालो. "याच्यापुढं मला काही माहीत नाही."

सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग वाकड्या झालेल्या तोंडाने, एकेक शब्द सोडवत म्हणाले, "एवढंच? मग अठरा वर्षं का लपवलंत?"

मी म्हटले, "तुम्हाला वाटलं असतं, बाटवायला आलो."

"मी तुम्हाला दरवर्षी पांडुरंग सांगत होतो. तुम्ही बाटलात का?" आणि हसू लागले. त्यांना हसताना ठसका लागला, वहिनी धावत बाहेर आल्या. "प्रसाद... खणात ठेवायचा... हा माणूस," ते वहिनींना सांगू लागले, "मुंग्या व्हायच्या!"

त्या दिवसानंतर मी गेलो की ते मला अधूनमधून बाकावरच्या माणसाबद्दल विचारायचे. एकदा त्यांनी त्यांचे सांगितले. मुलगा गेल्यानंतरच्या आषाढीला ते संपूर्ण वाट चालले, पंढरपुरापर्यंत, आणि विठ्ठल एक शब्द बोलला नाही. हे त्यांनी घरी सांगितले नव्हते, दिंडीत सांगितले नव्हते. ऐकणाऱ्याची श्रद्धा दुखावेल म्हणून. मला सांगता आले, कारण माझा विठ्ठल नव्हता. मी काही बोललो नाही. आजीसारखा नुसता खुंट्याला हात लावून बसलो म्हणा.

२०२० च्या जानेवारीत ते गेले, माळकरीच गेले. तोंडात तुळशीपत्र होते. मी स्मशानात शेवटपर्यंत थांबलो, आणि परत येताना रस्त्यात प्रभूची प्रार्थना म्हटली. अडकलो नाही.

हे सगळे मी काल रात्री जेवताना नातवाला सांगितले. त्याने नीट ऐकून घेतले, ताटातली भाजी संपवली आणि म्हणाला, "मग आजोबा, तुम्ही हात वर करायला पाहिजे होता."

"अरे," मी म्हटले, "ते 'या वर्षात' म्हणाले होते."