कळंबोली ते देहूरोड : कॅमेऱ्यांच्या नजरेखालून

पनवेल म्हटले की रस्ते आले. महाडच्या चवदार तळ्याकडे नेणारा गोवा महामार्ग पळस्प्याहून फुटतो, न्हावाशेव्याचे कंटेनर इथूनच घाटाकडे वळतात, आणि कळंबोलीला पुण्याचा द्रुतगती मार्ग सुरू होतो. २००२ साली पूर्ण झालेला हा मार्ग सुमारे ९५ किलोमीटरवर किवळ्याला संपतो. तिथून जवळच देहूरोडचे बुद्धविहार आहे. रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी केली ते हे स्थळ. नागपूरच्या दीक्षेच्याही जवळजवळ दोन वर्षे आधी! त्या दिवशी दरवर्षी वस्त्यावस्त्यांतून गाड्या निघतात. नेमकी तीच नाताळची सुट्टी, म्हणून लोणावळ्याला हवा खायला निघालेले आणि वंदनेला निघालेले आपण, सगळे घाटात एकत्र अडकतो.

आम्ही वस्तीतली मंडळी मिनीबस ठरवून पहाटेच निघालो. कळंबोली सोडली की रस्त्यावर आडव्या लोखंडी कमानी लागतात आणि त्यांवर कॅमेरे दिसतात. भाताणच्या बोगद्याआधीच मुलांनी मोजायला सुरुवात केली. गाडीचे चालक आपल्याच समाजाचे, कामोठ्याचे. ते म्हणाले, "मोजू नका रे, ते आपल्याला मोजतायत!"

ही व्यवस्था जुलै २०२४ मध्ये सुरू झाली. तिचे नियंत्रण केंद्र लोणावळ्याजवळ कुसगावला आहे. वेग, मार्गिका तोडणे, सीटबेल्ट नसणे, गाडी चालवताना मोबाइल, असे सतरा प्रकारचे नियमभंग ती टिपते. यातली सरासरी वेगाची युक्ती आम्हा कारकुनी माणसांना फार आवडली. एका कमानीखाली गाडीचा नंबर आणि वेळ टिपायची, पुढच्या कमानीखाली पुन्हा टिपायची, मग अंतराला वेळेने भागायचे. दहा किलोमीटर सहा मिनिटांत कापले तर ताशी १००, पाच मिनिटांत कापले तर १२०. मग कॅमेरा दिसला की ब्रेक दाबायचा आणि पुढे गेल्यावर पळवायची, ही चलाखी चालत नाही. हिशेब चोख आहे.

पण हिशेबाची दुसरी बाजू खालापूरच्या नाक्यावर चहा घेताना कळली. चलान जाते मालकाच्या मोबाइलवर, कापले जाते चालकाच्या पगारातून. मालक म्हणतो वेळेत पोचव, कॅमेरा म्हणतो हळू चल. दोघांच्या मध्ये बसलेला माणूस बहुधा आपल्यातलाच असतो. कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रक भरणारे आणि हाकणारे कोण आहेत, ते एकदा जाऊन पाहावे. जुलै २०२५ मध्ये मालवाहतूकदारांनी ई-चलानाविरुद्ध संप केला तो मालकांचा होता. पगारातून किती कापावे यावर मात्र कोणी संप केलेला आम्ही ऐकला नाही.

तरीही कॅमेरे नकोत असे आम्ही म्हणणार नाही. याच जुलै २०२४ मध्ये डोंबिवलीहून पंढरपूरला निघालेल्या वारकऱ्यांची बस पनवेलजवळ याच मार्गावर ट्रॅक्टरला धडकून खाली कोसळली. पाच जण गेले. ट्रॅक्टरला या रस्त्यावर बंदीच आहे. त्याआधी १५ एप्रिल २०२३ च्या पहाटे जुन्या महामार्गावर, बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळाजवळ एक बस दरीत गेली. आदल्या दिवशीच्या भीमजयंतीला वाजवून परतणारे गोरेगावचे ढोलताशा पथक तिच्यात होते. तेरा जण गेले, बहुतेक कोवळी पोरे. आपल्या जयंतीला वाजवायला आली आणि घरी पोचली नाहीत. द्रुतगती मार्गाचे कॅमेरे त्या जुन्या वाटेवर काय कामाचे? दुचाकीला द्रुतगतीवर बंदी, म्हणजे स्कूटरवर बायकोमुलांना घेऊन पुण्याला जाणाऱ्याला तर तीच वाट आहे.

शिंग्रोबा हा धनगर होता. इंग्रजांना घाटातून वाट त्यानेच दाखवली आणि बदल्यात त्यालाच मारले, अशी आख्यायिका आहे. आता चालक तिथे नाणे टाकून पुढे जातात.

घाट चढून गेल्यावर मळवलीच्या बाजूला कार्ले आणि भाजे आहेत. कोकणच्या बंदरांतला माल दोन हजार वर्षांपूर्वी याच डोंगरातून वर चढत असे आणि वाटेवरचे व्यापारी, कारागीर लेण्यांना दान देत. कार्ल्याच्या शिलालेखांत दार घडवणाऱ्या एका सुताराचेही नाव आहे. महिला मंडळाचा आग्रह होता लेणी पाहण्याचा, पण वेळ नव्हता.

निघण्याआधीच आम्ही दोन गोष्टी ठरवल्या होत्या. चालकांना कोणी "जरा दाबा" म्हणायचे नाही, आणि चलान आले तर ते गाडीतल्या सगळ्यांनी वाटून भरायचे. माणशी वीस रुपये त्यासाठी आधीच काढून ठेवले. देहूरोडला वंदना झाल्यावर चालकांना जेवू घातले आणि तीन तास गाडीतच झोपू दिले. काही जण कुरकुरले, उशीर होतो म्हणून. चार वाजता ते उठले, तोंड धुतले, मग गाडी हलली. चलान काही आले नाही. ते पैसे अजून मंडळाच्या वहीत जमा आहेत, पुढच्या डिसेंबरच्या खात्यावर.