दिसतो तेवढाच आजार?

संपादकांचा आग्रह होता, ‘टक्कल व्हायरस’वर लिहा. आमचा बुलढाणा जिल्हा एरवी लोणार सरोवर, सिंदखेडराजा आणि शेगावच्या गजानन महाराजांमुळे लोकांना ठाऊक. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस मात्र शेगाव तालुक्यातली बोंडगाव, कालवड, हिंगणा ही गावं घरोघरच्या टीव्हीवर पोहोचली. केसांतून हात फिरवला की पुंजका हातात येई आणि काही दिवसांत टक्कल पडे. विषाणूचा पुरावा नसताना वाहिन्यांनी आजाराचं बारसं उरकलं. आधी पाण्यातल्या नायट्रेटवर संशय गेला. मग आयसीएमआरची पथकं आली. डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम फार वाढल्याचं दाखवून रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. अनेकांचे केस पुन्हा उगवलेही.

मला अजून सलतं ते वेगळंच. मी वयात येणाऱ्या मुलामुलींवर उपचार करते. त्या गावांतल्या तरुण पोरापोरींनी लाजेपोटी घराबाहेर पडणं सोडलं, सोयरिकी अडल्या, असं तेव्हा छापून येत होतं. केस जाताना सगळ्यांना दिसले, म्हणून गाव हललं, दिल्लीही हलली. त्याच गावांतल्या मुलींच्या अंगात रक्त कमी आहे, ते मात्र कुणाला दिसत नाही.

किती कमी, यावर आमच्यात मोठा वाद आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात (२०१६-१८) १० ते १९ वयाच्या मुलींत हाच आकडा ४० टक्के होता. वयोगट वेगळे, हे खरं, पण मोठा फरक रक्त काढण्याच्या पद्धतीत आहे. पहिल्यात बोटाला टोचून थेंब घेतला, दुसऱ्यात शिरेतून रक्त घेतलं. बोट दाबलं की थेंबात पेशींबाहेरचं पाणी मिसळू शकतं आणि हिमोग्लोबिन चुकीचं दिसतं. रक्तक्षय ठरवणाऱ्या १२ ग्रॅमच्या रेषेजवळ अर्ध्या ग्रॅमनेही मुलगी अलीकडची पलीकडे जाते. मी शिरेच्या रक्ताच्या बाजूची आहे आणि बैठकांत त्यासाठी भांडलेही आहे. पण हा वाद ऐकून कुणी ‘म्हणजे रक्तक्षय वगैरे काही नाही’ असं म्हणालं की मला राग येतो. कमी आकडा धरला तरी पाचांतल्या दोघी झाल्या.

त्या दोघी दवाखान्यात येत नाहीत, कारण घरात त्यांना आजारी कुणी समजतच नाही. ‘डॉक्टरबाई, पोरीच्या जातीला थोडा अशक्तपणा असतोच,’ असं आया मला सांगतात, कारण त्यांचंही वय त्यातच गेलं. मुलगी सगळ्यांच्या मागून जेवते, कापूस वेचणीला जाते, उपास धरते, पाळीत जास्त जातं हे आईलाही सांगत नाही. वर जेवणाला लागून चहा पिते आणि अन्नातलं लोह शोषलं जाणं आणखी घटतं. मैत्रिणी जे करतात तेच ती करते. हल्ली त्यात मोबाइलवरच्या बारीक कंबरेच्या रील्सची भर पडली आहे.

शाळेत आठवड्याला एक निळी गोळी मिळते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असतं. जेवणानंतर घ्यायची, शौच काळसर होते, त्याला घाबरायचं कारण नाही. एवढं सांगायला दोन मिनिटं पुरतात. पण ऑगस्ट २०१८ मध्ये गोवंडीच्या महापालिका शाळेतली एक मुलगी दगावली, गोळीच्या संशयाने शेकडो मुलं रुग्णालयांत धावली आणि बातमी देशभर गेली. त्या मुलीच्या मृत्यूचं कारण क्षयरोग असल्याचं पुढे महापालिकेने सांगितलं. ते किती जणांनी वाचलं? एका मुलीला मळमळलं की वर्गातल्या दहाजणींना मळमळतं. त्यांना होणारा त्रास खरा असतो. भीतीनेही पोट ढवळतं. नंतर गोळ्या दप्तरातून थेट उकिरड्यावर जातात.

व्याख्यानांनी हे बदलेल, असं मला पूर्वी वाटे. आता तो विश्वास उरलेला नाही. लोहाची माहिती मुलींना पाठ असते आणि परीक्षेत त्या उत्तरही बरोबर लिहितात. वागणं मात्र भोवताली काय चालतं ते पाहून ठरतं. म्हणून शिक्षकांनीही गोळी घ्यावी, असं या गोळ्यांच्या कार्यक्रमाच्या सूचनांतच आहे. जिथे बाई वर्गासमोर आधी स्वतः गोळी घेतात, तिथे मुली फारशा कुरकुरत नाहीत, हे मी पाहिलं आहे. घरातही तेच व्हायला हवं: सगळ्यांनी एकत्र जेवायचं आणि मुलीच्या ताटात उसळ, लिंबाची फोड वडिलांनी वाढायची. आईपेक्षा वडिलांनी वाढलेलं मुलगी अधिक लक्षात ठेवते, असा माझा अनुभव आहे.

आणि बातमीदारांना माझं एक मागणं आहे. पुढच्या वेळी जिल्ह्यातल्या एखाद्या शाळेत जा, शिरेतून रक्त घेऊन केलेल्या तपासण्यांचे आकडे मागा आणि पहिल्या पानावर छापा. मुलींची नावं नकोत, आकडे पुरेत. टकलासाठी दिली तेवढी जागा द्या. सहा महिन्यांनी पुन्हा जा.