विहाराच्या नकाशात रेलिंग कशाला?

आमच्या वस्तीत विहार बांधायचं ठरलं आणि नकाशा पुढे आला. मूर्तीपुढे तीन फूट उंच चौथरा, भोवती स्टीलचं रेलिंग, रेलिंगच्या आत भन्ते आणि मोठ्या देणगीदारांच्या खुर्च्या. बायाबापड्या मागे. बैठकीत कुणालाच काही खटकलं नाही. आम्हालाही नाही.

खटकलं ते नगरला, सोयऱ्यांच्या लग्नासाठी ह्यूम मेमोरियल चर्चमध्ये गेलो तेव्हा. आपल्या जिल्ह्यात एकाच भावकीत एक घर जय भीमवालं, तर दुसरं ख्रिस्ती, ही नवलाई नाही. अमेरिकन मराठी मिशन इथे 1831 साली आलं. ज्या महार-मांगांना गावच्या देवळाची पायरी वर्ज्य होती, ते या मिशनच्या प्रार्थनेला छताखाली, आत बसले.

पण चर्चची इमारत मुळात समतेची असते का? नाही. मध्ययुगीन इंग्लंडमधल्या कुठल्याही गावच्या चर्चचा नकाशा घ्या. पश्चिमेकडचा मोठा भाग रयतेचा, पूर्वेकडचं वेदीचं टोक पाद्र्याचं. मध्ये नक्षीदार लाकडी जाळीचा पडदा. पूजा लॅटिनमध्ये, म्हणजे शेतकऱ्याला न कळणारी. बाकडी सर्रास आली ती पंधराव्या शतकात. त्याआधी बहुतेक लोक उभेच. रयतेच्या भागाची डागडुजी गावाने करायची, वेदीकडची पाद्र्याने. पण त्याचं उत्पन्न कुठलं? गावाच्याच पिकाचा दहावा हिस्सा! ओळखीचं वाटतं ना?

पुढे धर्मसुधारणा झाली. पाद्र्यांची उतरंड नाकारणारे पंथ निघाले. त्यांनी पडदाच ठेवला नाही. एकच दालन, समोर उपदेशक, भाषा लोकांची. नगरला आलेले अमेरिकन मिशनरी या परंपरेतले.

म्हणून जात संपली का? धर्मांतरानंतरही ख्रिस्ती समाजात जात उरते, हे बाबासाहेबांनी परखडपणे मांडलंय. तामिळनाडूतल्या वडक्कनकुलमला तर एकोणिसाव्या शतकात दोन दालनांचं चर्च बांधलं गेलं. एकीकडे वेल्लाळ, दुसरीकडे नाडार, वेदी एक आणि मध्ये भिंत. ती भिंत पडली 1910 च्या सुमारास.

आमचं म्हणणं एवढंच. भिंत पाडल्याने माणूस आपोआप बदलत नाही. पण भिंत बांधली, की भेद पुढच्या पिढीला न शिकवता कळतो. लहान पोर विचारत नाही, ते फक्त बघतं की आपली आई कुठे बसते आणि देणगीदार कुठे.

1930 ला काळाराम मंदिराच्या दारात आपले लोक लाठ्या खात उभे राहिले. त्यांच्या नातवंडांनी स्वतःच्या पैशांनी स्वतःसाठीच नवं दार बंद करायचं?

पुढच्या बैठकीत आम्ही रेलिंग खोडायला लावलं. दोन देणगीदार रुसले. मूर्ती उंचावर राहील, माणसं मात्र सगळी एकाच सतरंजीवर. तुमच्या गावचा नकाशा तपासा.

जय भीम!