जोत्याची उंची

गुडघे कुरकुरायला लागल्यापासून मी जोत्याकडे वेगळ्या नजरेनं बघतो. मांडवगण फराट्याला भीमेकाठी, उसाच्या रानात एका शेतकरी कुटुंबाचं घर सध्या माझ्या कागदावर आहे. पाया, भिंती, छप्पर सगळं सुटलं. जोतं तेवढं सुटत नाही.

इथला पूर फसवा. शिरूर-दौंडचा पट्टा पर्जन्यछायेतला. डोक्यावर ऊन असतं आणि नदी फुगत असते, कारण पाऊस घाटमाथ्यावर झालेला असतो. चासकमानचं पाणी भीमेतून येतं, खडकवासला-पवनेचं मुळा-मुठेतून, आणि संगमाखाली सगळं एकाच पात्रात. पाटबंधारे खात्याच्या नकाशावर निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची. आमची जागा निळीच्या बाहेर आहे; पण लाल रेषेच्या वर निजायचं, तर घर 9 फूट उचलावं लागतं.

उचलणं अवघड नाही. काळ्या मातीत अंडर-रीम्ड, म्हणजे तळाशी कंदासारखे फुगीर, पाइल घेतले, तो कंद भेगांच्या खोलीखाली नेला, की माती फुगो नाहीतर आकसो, घर हलत नाही. खांब गोल ठेवायचे, म्हणजे वाहून आलेला ऊस अडकून तटत नाही. पण एवढं सगळं मांडून झाल्यावर घरातल्या आजी म्हणाल्या, "लेकरा, मला वर नेऊन बसवशील, पण गोठ्याकडं कोण बघल?" तिथं माझा नकाशा थांबला.

शेतकऱ्याचं घर ओट्यावर जगतं. भाजी निवडणं, धारेचा हिशोब, आल्यागेल्याला पाणी, सगळं जमिनीपासून हातभर उंचीवर. तो ओटा 9 फुटांवर नेला, की घर वाचतं आणि घरपण लटकतं.

जुन्यांना हा पेच कमी होता. गाव पांढरीवर, शेत काळीत. आता जो तो वस्तीवर, थेट काळीत, पाण्याच्या वाटेवर बांधतो. तरी नदीशी वाटाघाट या भागाला नवी नाही. शिरूर तालुक्यातच घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 तिथं उत्खनन केलं, तेव्हा ताम्रपाषाणयुगातली घरं निघाली आणि पुराचं पाणी वळवणारा दगडमातीचा बांध, शेजारी पाट. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या माणसांनी पाण्याला जागा नेमून दिली होती.

आजचे काही ठेकेदार मात्र ट्रकनं मुरूम ओततात, प्लॉट चढवतात आणि आपल्या वाटचं पाणी शेजाऱ्याच्या गोठ्यात ढकलतात. वर नदीच्या बाजूला काचेची भिंत. असल्या घराचे फोटो देखणे येतात, पण त्याला मी नदीकाठचं घर मानत नाही.

इनामगाव मनात घोळत होतं त्यातूनच मधला ओटा सुचला. 18 पायऱ्यांचा जिना 9-9 मध्ये तोडायचा आणि मध्ये, साडेचार फुटांवर, खोलीएवढा ओटा. तो भिजणार हे धरूनच बांधायचा: काळा दगड, सिमेंटच्या दर्जा, लाकूड नाही, विजेचा एकही बोर्ड नाही. भिंती फक्त दोन, प्रवाहाला समांतर, म्हणजे पाणी आरपार जाईल. पूर ओसरला, गाळ खराट्यानं लोटला, की आजी पुन्हा तिथं. गोठा दिसतो, रस्ता दिसतो. फक्त गुडघ्यांचं गणित अजून राहिलंच आहे. 6 इंचांची पायरी मला जड जाते. 5 इंचांची केली तर पायऱ्या वाढतात, जिना अंगणात पसरतो, ट्रॅक्टर वळत नाही. रोज रात्री तोच जिना खोडतो, तोच काढतो.

वाऱ्याचा प्रश्न त्यामानानं सरळ. तिथं आड आली ती माझी हौस. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं आणि मावळ, खेड, जुन्नरपर्यंत पत्रे उडवत आलं. आपल्याकडे तर दर वैशाखात वळवाचा वारा एखादं छप्पर नेतोच. वारा छप्पर दाबत नाही, उपसतो. कडा आणि कोपरे आधी. म्हणून चौपाखी छप्पर, उतार 30 अंशांच्या आसपास, कडेला स्क्रू दाट, आणि छपरापासून पायापर्यंत लोखंडाची सलग पकड. मला मात्र लांब वळचणीचा मोह आहे. पुलावरून जाणाऱ्यानं छप्पर बघून "हे यांचंच काम" म्हणावं, ही इच्छा या वयातही गेलेली नाही. वळचण 4 फुटांची काढली होती, ती 2 फुटांवर आणताना जिवावर आलं. वाऱ्यानं काही नेलं असतं तर ते माझं नाव नसतं, त्या कुटुंबाचं छप्पर असतं, हे कळूनही आलं.

हाताखालचा मुलगा संगणकावर तासाभरात तीन पर्याय काढतो, आणि चांगले काढतो. त्याला एकच अट घातली आहे. पुराची पातळी लिहिलीस त्याच ओळीत, घरातल्या सगळ्यात थकलेल्या माणसाला किती उंचीची पायरी चढवते तेही लिही. ते मोजायला त्याला गावात जावं लागतं, आजींसोबत चढून बघावं लागतं. तो आकडा नसलेल्या नकाशावर मी सही करत नाही.